पेन्सिल रेखाटन

पेन्सिल रेखाटन ही ग्रॅफाइटच्या पेन्सिलीने कागदावर रेषा व छटा यांच्या साहाय्याने वस्तू, व्यक्ती, प्राणी, वास्तू किंवा निसर्गदृश्य चित्रित करण्याची कला आहे. मोठ्या चित्राची पूर्वतयारी, पाहिलेल्या दृश्याची झटपट नोंद आणि स्वतंत्र कलाकृती अशा तीनही रूपांत ती आढळते. लागणारी साधने थोडी, स्वस्त व सहज बाळगता येण्याजोगी असतात आणि चुकलेली रेषा खोडता येते. त्यामुळे कलाशाळेत न गेलेल्या हौशी कलावंतांचा चित्रकलेशी पहिला परिचय बहुधा पेन्सिलीनेच होतो.

रेखाटन ही जन्मजात देणगी आहे की शिकता येणारे कौशल्य, हा प्रश्न या कलेच्या शिक्षणात दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. हाताला वळण लावण्यापेक्षा डोळ्यांना पाहायला शिकवणे अधिक महत्त्वाचे, असे मत जॉन रस्किन, किमॉन निकोलायडीस व बेटी एडवर्ड्स या शिक्षकांनी वेगवेगळ्या काळात मांडले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या काही मानसशास्त्रीय प्रयोगांतून या मताला बऱ्याच अंशी पुष्टी मिळाली आहे.

नाव व संज्ञा

मराठीत ‘रेखाटन’ हा शब्द ‘रेखा’ या शब्दावरून आला आहे. बोलीत ‘स्केच’ हा इंग्रजी शब्दही रूढ आहे. सामान्यतः थोड्या वेळात, मोजक्या रेषांत केलेल्या चित्रणाला ‘स्केच’ म्हणतात, तर छायाप्रकाशासह पूर्णत्वास नेलेल्या चित्राला ‘पेन्सिलचित्र’ असे म्हटले जाते. या दोहोंमधली सीमारेषा काटेकोर नाही.

‘शिसपेन्सिल’ हे मराठी नाव एका जुन्या गैरसमजाची खूण आहे. ग्रॅफाइट हा शिशाचाच एक प्रकार असावा, अशी युरोपात दीर्घकाळ समजूत होती. ते प्रत्यक्षात कार्बनचे रूप आहे, हे इ.स. १७७९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शील यांनी दाखवून दिले. इ.स. १७८९ मध्ये आब्राहाम व्हेर्नर यांनी ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘ग्रॅफाइट’ हे नाव दिले. आजच्या पेन्सिलीच्या कांडीत शिसे नसते. तरीही जुने नाव टिकून राहिले आहे.

इतिहास

पेन्सिलीचा विकास

ग्रॅफाइटपूर्वी युरोपातील चित्रकार कोळसा, रंगीत खडू आणि चांदीच्या टोकाची लेखणी यांनी रेखाटन करीत. चांदीची रेषा खोडता येत नसे आणि तिच्यासाठी कागदावर आधी लेप द्यावा लागे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील कंबरलँड परगण्यात बॉरोडेल येथे शुद्ध व घट्ट ग्रॅफाइटचा साठा सापडला. त्याचे तुकडे करवतीने कापून लाकडात बसवले जाऊ लागले. स्विस निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेसनर यांनी इ.स. १५६५ मधील ग्रंथात अशा लेखनसाधनाचे वर्णन केले आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युद्धामुळे फ्रान्सला इंग्लिश ग्रॅफाइट मिळेनासे झाले. तेव्हा निकोला-जाक काँते यांनी ग्रॅफाइटची भुकटी व चिकणमाती यांचे मिश्रण भट्टीत भाजून कांडी तयार करण्याची रीत शोधली आणि इ.स. १७९५ मध्ये तिचे एकस्व घेतले. मातीचे प्रमाण वाढवले की कांडी कठीण व फिकट होते आणि ग्रॅफाइटचे प्रमाण वाढवले की मऊ व गडद होते. त्यामुळे हवी ती छटा देणारी पेन्सिल ठरवून बनवणे प्रथमच शक्य झाले. आजची पेन्सिलही याच तत्त्वावर तयार होते.

खोडण्यासाठी पूर्वी पावाचा चुरा वापरीत. पेन्सिलीच्या खुणा रबराने पुसल्या जातात, ही नोंद इ.स. १७७० मध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी केली. खोडण्याच्या सोयीमुळे पेन्सिल हे शिकाऊ माणसाचे प्रमुख साधन बनले.

हौशी शिक्षणाची परंपरा

एकोणिसाव्या शतकात छपाईचा प्रसार झाल्यावर गुरूशिवाय चित्रकला शिकू इच्छिणाऱ्यांसाठी पुस्तके व धड्यांचे संच निघू लागले. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन इ.स. १८५४ पासून लंडनमधील श्रमिकांच्या महाविद्यालयात रेखाटन शिकवीत असत. त्यांनी इ.स. १८५७ मध्ये ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे पुस्तक नवशिक्यांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात प्रसिद्ध केले. चित्र काढता येण्यापेक्षा नीट पाहता येणे मोलाचे, अशी त्यांची भूमिका होती. या पुस्तकातील पहिला धडा एखादी वस्तू काढण्याचा नाही. लहानसा चौकोन बारीक रेषांनी एकसारखी छटा येईपर्यंत भरण्याचा आहे.

फ्रान्समध्ये शार्ल बार्ग यांनी चित्रकार झाँ-लेओं जेरोम यांच्या सहकार्याने तयार केलेला चित्रधड्यांचा संच इ.स. १८६६ ते १८७१ या काळात प्रकाशित झाला. त्यात मूर्तींचे अवयव व मानवाकृती यांच्या चित्रांची हुबेहूब नक्कल करीत पायरीपायरीने पुढे जाण्याची रीत होती.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ‘आर्ट स्टुडंट्स लीग’ या संस्थेतील शिक्षक किमॉन निकोलायडीस यांचे ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर इ.स. १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. इ.स. १९७९ मध्ये बेटी एडवर्ड्स यांचे ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ हे पुस्तक आले. ‘मला चित्र काढता येत नाही’ असे मानणाऱ्या प्रौढांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या या पुस्तकाला जगभर वाचक लाभला.

साधने

पेन्सिल

पेन्सिलीची कांडी कागदावर घासली की ग्रॅफाइटचे पातळ थर सुटून कागदाच्या तंतूंत अडकतात. कांडीच्या कठीणपणानुसार पेन्सिलींच्या श्रेणी केल्या जातात. ‘एच’ हे अक्षर कठीणपणा, तर ‘बी’ हे काळेपणा दर्शवते. ‘एचबी’ व ‘एफ’ या मधल्या श्रेणी होत. ९एच पासून ९बी पर्यंत एकूण २० श्रेणी प्रचलित आहेत. एकाच श्रेणीची छटा निरनिराळ्या उत्पादकांच्या पेन्सिलींत थोडी वेगळी असते.

* एच ते ४एच: भूमिती, तांत्रिक आरेखन व अतिशय फिकट छटा. जोर दिल्यास कागदावर चर उमटतो.
* एचबी: लेखन व प्राथमिक आखणी.
* २बी ते ४बी: सर्वसाधारण रेखाटन व मध्यम छटा.
* ६बी व पुढील: गडद छाया, झटपट आकार पकडणे.

नवशिक्याला एचबी, २बी, ४बी व ६बी एवढ्या पेन्सिली पुरेशा होतात. ग्रॅफाइटचे थर चपटे असल्यामुळे फार गडद केलेला भाग चकाकतो. निखळ काळेपणा हवा असेल तेथे कोळसा वापरला जातो.

कागद व इतर साहित्य

अतिशय गुळगुळीत कागदावर ग्रॅफाइट नीट धरत नाही, तर फार खरखरीत कागदावर बारीक तपशील येत नाही. म्हणून सरावासाठी किंचित खरखरीत पोताचा कार्ट्रिज कागद सोयीचा मानला जातो. नेहमीच्या खोडरबराबरोबरच कणकेसारखे मळता येणारे खोडरबर वापरतात. ते घासण्याऐवजी कागदावर दाबून उचलले जाते. त्यामुळे छटा पूर्ण न पुसता फिकट करता येते. छायांकनासाठी पेन्सिलीचे टोक चाकूने लांब तासले जाते, कारण अशा टोकाच्या कडेने रुंद व मऊ छटा देता येते.

निरीक्षणातील अडचणी

बहुतेक प्रौढ व्यक्तींचा हात सही करण्याइतका, सुई ओवण्याइतका कुशल असतो. तरीही समोरची साधी वस्तू त्यांना जशीच्या तशी काढता येत नाही. याची कारणे अभ्यासकांनी निरनिराळ्या बाजूंनी शोधली आहेत.

फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आँरी ल्युके यांनी इ.स. १९२७ मध्ये बालचित्रांवरील ग्रंथात दाखवले, की लहान मूल दिसते ते काढत नाही, माहीत असते ते काढते. घराच्या भिंतीआडची माणसे किंवा टेबलाचे चारही पाय एकाच वेळी दाखवणे हे त्याचे उदाहरण होय. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी इ.स. १९४७ मध्ये बालचित्रांच्या विकासाचे टप्पे मांडले. साधारण नवव्या वर्षापासून मुलांना आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे असे वाटू लागते आणि ते तसे दिसत नाही म्हणून त्यांचा आत्मविश्वास ढळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. अनेक जण याच वयात चित्र काढणे सोडतात. त्यामुळे पुढे तिशी-चाळिशीत पुन्हा पेन्सिल हाती घेणाऱ्याचे रेखाटन बालपणी थांबले होते तेथूनच सुरू होते.

माहीत असलेला आकार प्रत्यक्ष दिसणाऱ्या आकारावर मात करतो, हे प्रौढांतही आढळते. इ.स. १९३१ मध्ये रॉबर्ट थाउलेस यांनी केलेल्या प्रयोगांत, तिरक्या ठेवलेल्या चकतीचा दिसणारा आकार दाखवताना लोकांनी तो प्रत्यक्षापेक्षा अधिक गोल दाखवला. तांब्याचे तोंड गोल असते हे ठाऊक असल्यामुळे, डोळ्यांना चपटे लंबवर्तुळ दिसत असूनही हात ते फुगवून काढतो; ही चूक वस्तुचित्राच्या वर्गात नेहमी दिसते.

डेल कोहेन व सुझन बेनेट यांनी इ.स. १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रेखाटनातील अचूकतेच्या अभावामागे चार संभाव्य कारणे तपासली: हाताचे नियंत्रण, काय काढावे याचा निर्णय, स्वतःच्या चित्राचे मूल्यमापन आणि वस्तूचे चुकीचे आकलन. यांपैकी वस्तूचे चुकीचे आकलन हे मुख्य कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. कोहेन यांच्याच इ.स. २००५ मधील अभ्यासात असे दिसले, की अधिक अचूक चित्र काढणारी व्यक्ती वस्तू व कागद यांच्यात अधिक वेळा नजर फिरवते. थोडेच पाहायचे, पण वारंवार पाहायचे, असे या निष्कर्षाचे सार सांगता येते. वस्तूकडे एकदा निरखून पाहून मग बराच वेळ कागदातच डोके घालणाऱ्याला मधल्या काळात स्मृतीवर, म्हणजेच साचेबंद कल्पनेवर, विसंबावे लागते.

मूलभूत कौशल्ये

प्रमाण

वस्तूच्या निरनिराळ्या भागांचे परस्पर प्रमाण साधणे ही रेखाटनाची पहिली पायरी समजली जाते. यासाठी पेन्सिलीने मापे घेण्याची जुनी रीत वापरतात. हात कोपरात न वाकवता समोर ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंतच्या अंतरात वस्तूचा एक भाग मापला जातो व तेच माप इतर भागांशी ताडून पाहिले जाते. कोपर वाकल्यास माप बदलते. पेन्सिल उभी, आडवी किंवा तिरपी धरून कडांचा कलही याच रीतीने तपासता येतो.

यथार्थदर्शन

दूरच्या वस्तू लहान दिसणे आणि समांतर रेषा दूरवर एकत्र येताना भासणे, हे परिणाम कागदावर दाखवण्याच्या पद्धतीला यथार्थदर्शन म्हणतात. पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी हा त्याचा पाया आहे. या पातळीच्या वर असलेल्या आडव्या समांतर कडा दूर जाताना खाली उतरताना दिसतात आणि खालच्या कडा वर चढताना दिसतात. गोल तोंडाचे भांडे डोळ्यांच्या पातळीवर धरले तर त्याचे तोंड सरळ रेषेसारखे दिसते. भांडे जसजसे खाली न्यावे तसतसे तोंडाचे लंबवर्तुळ अधिकाधिक उघडत जाते. याच कारणाने उभ्या भांड्याच्या बुडाची वक्रता तोंडाच्या वक्रतेपेक्षा अधिक असते.

छायाप्रकाश

सपाट कागदावर घनतेचा भास छटांमुळे निर्माण होतो. एका बाजूने प्रकाश पडलेल्या गोलावर साधारणपणे पाच भाग ओळखता येतात: प्रकाश थेट परावर्तित होणारा उजळ ठिपका, मध्यम छटा, प्रकाशापासून वळलेल्या भागातील सर्वांत गडद पट्टा, आजूबाजूच्या पृष्ठभागावरून येणारा परावर्तित प्रकाश आणि गोलाची जमिनीवर पडणारी सावली. परावर्तित प्रकाशाचा भाग छायेतच असतो. तो प्रकाशित भागाइतका उजळ केल्यास गोलाची घनता नाहीशी होते.

छटा देण्यासाठी समांतर रेषा, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा, ठिपके, पेन्सिलीची कड आडवी फिरवणे आणि कागदाच्या गुंडाळीने छटा मिसळणे या पद्धती वापरतात. डोळे किलकिले करून पाहिल्यास तपशील पुसट होऊन गडद व उजळ भागांची मोठी विभागणी स्पष्ट दिसते. ही युक्ती जगभरच्या कलाशाळांत शिकवली जाते.

सरावाच्या पद्धती

झटपट रेखाटन: हालचाल करणाऱ्या व्यक्तीचा झोक व भार अर्ध्या ते दोन मिनिटांत पकडण्याचा सराव. यात तपशिलाला जागा नसते. निकोलायडीस यांच्या अभ्यासक्रमात याला मध्यवर्ती स्थान आहे.

बाह्यरेषेचा अंध सराव: कागदाकडे न पाहता, वस्तूच्या कडेवरून नजर जितक्या वेगाने सरकेल तितक्याच वेगाने पेन्सिल चालवणे. तयार झालेले चित्र वेडेवाकडे असते. नजर व हात यांची सांगड घालणे हा त्याचा हेतू असतो.

उलटे चित्र: एखादे रेखाचित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करणे. एडवर्ड्स यांनी यासाठी पिकासोने काढलेले संगीतकार स्ट्राव्हिन्स्की यांचे व्यक्तिचित्र वापरले. उलट्या चित्रात डोळा, नाक, हात ही नावे मागे पडतात आणि केवळ रेषा व कोन उरतात. त्यामुळे अनेकांची नक्कल सुलट चित्रापेक्षा अधिक अचूक येते.

मोकळ्या जागा: खुर्चीऐवजी तिच्या पायांमधील, पाठीच्या दांड्यांमधील रिकाम्या जागांचे आकार काढणे. रिकाम्या जागेची कोणतीही साचेबंद प्रतिमा मनात नसल्याने ती जशी दिसते तशीच काढली जाते.

स्मरणचित्र: वस्तू पाहून, ती दूर करून, नंतर काढणे व पुन्हा मूळ वस्तूशी ताडून पाहणे. पॅरिसमधील शिक्षक ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही पद्धत शिस्तबद्धपणे विकसित केली. शिल्पकार ऑग्यूस्त रोदँ हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक होते.

नक्कल: उत्तम चित्रकारांच्या रेखाटनांची नक्कल करून रेषेचा जोर, वेग व छटांची मांडणी समजून घेणे.

रोजवही: लहान वही जवळ बाळगून बसथांबा, बाजार, स्वयंपाकघर अशा ठिकाणी नियमित रेखाटन करणे. पानांवर तारीख घातल्यास काही महिन्यांनी आपल्या प्रगतीची तुलना करता येते. याच परंपरेतील ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ सिअ‍ॅटलमधील पत्रकार गॅब्रिएल कांपानारियो यांनी इ.स. २००७ मध्ये सुरू केली. ठिकाणावर बसून, प्रत्यक्ष पाहून चित्र काढणे हा तिचा मुख्य नियम आहे. मुंबई व पुणे येथेही तिचे गट आहेत.

नेहमी आढळणाऱ्या चुका

* चेहऱ्यात डोळे फार वर काढणे. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या एकूण उंचीच्या साधारण मध्यावर असतात. कपाळ व केसांचा भाग दुर्लक्षित राहिल्याने कवटी लहान होते.
* मोठा आकार निश्चित होण्याआधी पापण्या, पाने, विटा अशा तपशिलांत शिरणे.
* सगळीकडे एकाच जाडीची, खोल दाबलेली रेषा वापरणे.
* लहान-लहान तुटक रेषा जोडत केसाळ कड तयार करणे. मनगटाऐवजी कोपर व खांद्यातून हात फिरवल्यास लांब रेषा अखंड येते.
* सर्वांत गडद छटा देण्यास कचरणे; त्यामुळे संपूर्ण चित्र करड्या रंगात विरून जाते.
* छटा बोटाने घासणे. बोटावरील तेलकटपणामुळे कागदावर डाग पडतात आणि नंतर ते खोडले जात नाहीत.
* कागद टेबलावर सपाट ठेवून तिरक्या नजरेने काढणे. त्यामुळे आकृती उभ्या दिशेने ताणली जाते. कागदाचा फळा कलता ठेवल्यास हा दोष टळतो.

स्वयंशिक्षित चित्रकारांची उदाहरणे

व्हिन्सेंट व्हॅन गॉग (इ.स. १८५३–१८९०) यांनी चित्रकार होण्याचा निर्णय इ.स. १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी घेतला. तेव्हा ते बेल्जियममधील कोळसाखाणींच्या भागात राहत होते. त्यांनी बार्ग यांचे धडे मिळवले आणि ते पुन्हा पुन्हा गिरवले. त्यांची सुरुवातीची रेखाटने अवघडलेली दिसतात. माणसे ताठ, तर प्रमाणे चुकलेली आहेत. इ.स. १८८२ मध्ये हेग येथे असताना त्यांनी तारा ताणलेली एक चौकट बनवून घेतली. तिच्यातून पाहून ते दृश्यातील प्रमाण व कल तपासत असत. सुतारकामाची जाड पेन्सिल त्यांना विशेष आवडे आणि चित्र पक्के करण्यासाठी ते त्यावर पाणी मिसळलेले दूध ओतत. या सर्व गोष्टींची माहिती त्यांनी भाऊ थिओ यांना लिहिलेल्या पत्रांतून मिळते. आयुष्याच्या अखेरच्या काळात, इ.स. १८९० मध्ये, त्यांनी बार्ग यांचेच धडे पुन्हा गिरवण्यासाठी मागवले होते.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण (इ.स. १९२१–२०१५) यांना मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेने प्रवेश नाकारला होता. म्हैसूरमध्ये लहानपणापासून रस्ते, झाडे, माणसे व विशेषतः कावळे यांचे निरीक्षण करून त्यांनी रेखाटनाचा सराव केला होता. कावळा हा त्यांच्या चित्रांचा आयुष्यभराचा विषय राहिला. पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या दैनिकातील त्यांचा ‘कॉमन मॅन’ देशभर परिचित झाला.

महाराष्ट्रातील रेखाटन शिक्षण

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून इ.स. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेमुळे पाश्चात्त्य पद्धतीचे वास्तववादी रेखाटन महाराष्ट्रात रुजले. मूर्तींच्या प्रतिकृतींवरून व नंतर प्रत्यक्ष व्यक्तीवरून रेखाटन हा तेथील शिक्षणाचा पाया होता. महादेव विश्वनाथ धुरंधर (इ.स. १८६७–१९४४) हे या शाळेचे विद्यार्थी व पुढे शिक्षक होते. लोकजीवनाच्या त्यांच्या चित्रणामागे रेखाटनाचा दांडगा सराव होता.

राज्यातील शाळकरी मुलांचा रेखाटनाशी पद्धतशीर संबंध येतो तो एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांमुळे. या परीक्षा महाराष्ट्र शासनाचे कला संचालनालय घेते. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र तसेच भूमिती व अक्षरलेखन हे विषय असतात. इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. व्यवसाय म्हणून चित्रकलेकडे न वळलेल्या अनेकांच्या बाबतीत या परीक्षेसाठी काढलेली बादली, तांब्या व फळे हाच प्रत्यक्ष वस्तू पाहून चित्र काढण्याचा पहिला, आणि बऱ्याचदा शेवटचा, अनुभव ठरतो.

मतभेद

छायाचित्र की प्रत्यक्ष वस्तू: छायाचित्रावरून काढणे सोपे जाते, कारण तीन मितींचे दोन मितींत रूपांतर कॅमेऱ्याने आधीच केलेले असते. परंतु हेच रूपांतर रेखाटनातील मुख्य कौशल्य असल्याने प्रत्यक्ष वस्तूवरून सराव अपरिहार्य आहे, असे बहुतेक कलाशिक्षक मानतात. शिवाय भिंगामुळे येणारी विकृती व काळवंडलेल्या छाया चित्रातही उतरतात. दुसऱ्या बाजूने, घराबाहेर पडणे शक्य नसलेल्यांना आणि सतत हलणारे प्राणी काढणाऱ्यांना छायाचित्रे उपयुक्त ठरतात.

यांत्रिक साहाय्य: चौकटी आखून किंवा गिरवून चित्र काढणे ही फसवणूक आहे का, हा वाद जुना आहे. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी इ.स. २००१ मध्ये ‘सीक्रेट नॉलेज’ या पुस्तकात असे मत मांडले, की अनेक जुन्या युरोपीय चित्रकारांनी भिंगे व आरसे वापरले होते. झाँ-ओग्यूस्त-दोमिनिक अँग्र यांची रोममध्ये काढलेली सुबक पेन्सिल व्यक्तिचित्रे ‘कॅमेरा ल्युसिडा’ या उपकरणाच्या साहाय्याने काढली गेली असावीत, असे त्यांनी सुचवले. अनेक कलेतिहासकारांनी हे मत अमान्य केले. व्हॅन गॉग यांच्या चौकटीच्या उदाहरणावरून, साहाय्यक साधन नजर घडवण्यासाठी वापरले जाते की नजरेऐवजी, हा भेद महत्त्वाचा मानला जातो.

मेंदूचे दोन गोलार्ध: रेखाटन मेंदूच्या उजव्या भागाकडून होते, या एडवर्ड्स यांच्या मांडणीला मज्जाशास्त्रज्ञांनी अतिसुलभीकरण म्हटले आहे. चित्र काढताना मेंदूचे दोन्ही गोलार्ध काम करतात. मात्र त्यांच्या पुस्तकातील सराव या उपपत्तीवर अवलंबून नाहीत आणि ते आजही वर्गांत वापरले जातात.

जतन

ग्रॅफाइट प्रकाशाने फिकट होत नाही. पेन्सिलचित्राला खरा धोका घासले जाण्याचा व कागद खराब होण्याचा असतो. आम्लयुक्त कागद काही वर्षांत पिवळा व ठिसूळ होतो, म्हणून जपून ठेवायच्या चित्रांसाठी आम्लरहित कागद वापरतात. पूर्ण झालेल्या चित्रावर ग्रॅफाइट स्थिर करणारा द्रव फवारला जातो. तो फवारल्यावर खोडणे अवघड होते, त्यामुळे हे काम शेवटी व हवेशीर जागी केले जाते. कोकण व मुंबईसारख्या दमट भागात पावसाळ्यात कागदाला बुरशी लागण्याचा संभव असल्याने चित्रे कोरड्या जागी, मध्ये पातळ कागद घालून, सपाट ठेवली जातात. काच व चित्र यांच्यात थोडी पोकळी राहील अशी चौकट केल्यास ग्रॅफाइट काचेला चिकटत नाही.

हे सुद्धा पहा

* चित्रकला
* पेन्सिल
* ग्रॅफाइट
* व्यक्तिचित्र
* सर ज. जी. कलाशाळा
* व्यंगचित्र